रक्तातील मिठाचा जमाखर्च

घरातील आजारी माणसाला सलाईन लावले की आपला जीव भांड्यात पडतो. बाटली टांगली गेली, थेंब थेंब उतरू लागले, आता रोग्याच्या अंगात ताकद येणार, अशी आपली समजूत असते. कित्येकदा तर नातेवाईकच डॉक्टरांच्या मागे लागतात की, एखादी बाटली लावा म्हणजे बरे वाटेल. त्या बाटलीत असते तरी काय, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. नेहमीच्या सलाईनच्या एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असते. बाकी सारे शुद्ध पाणी. त्यात अन्न नाही, शक्ती नाही, रोगजंतू मारणारे औषधही नाही. असे असताना मरणाच्या दारात पोचलेला रोगी या खाऱ्या पाण्याने डोळे कसे उघडतो? आणि हेच पाणी, हेच क्षार मापात चुकले तर जीवावर कसे बेततात? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, व ते रक्तातील क्षारांच्या आणि आम्लतेच्या समतोलात आहे. मी पेशाने वैद्य नव्हे. परंतु सरकारी कचेरीत जमाखर्चाशी ज्याचा नित्य संबंध येतो, त्याला हा विषय परका वाटत नाही. कारण अत्यवस्थ रोग्याची शुश्रूषा ही फार मोठ्या अंशी जमाखर्चाचीच गोष्ट आहे.

या गोष्टीचा एक धागा दिल्लीत सापडतो. जुन्या दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ ग्रॅनाइटचा एक उंच स्तंभ उभा आहे. ११ मे १८५७ रोजी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला उठावाची वार्ता कळविणाऱ्या कर्मचाऱ्यांचे ते स्मारक तारखात्याने १९०२ साली उभारले. ज्या तारेवरून ती वार्ता गेली, ती तार या देशात आणणारा अधिकारी म्हणजे विल्यम ओशॉनेसी. कलकत्त्याजवळ १८३९ मध्ये त्याने तारेचे पहिले प्रयोग केले, १८५२ मध्ये तो तारखात्याचा प्रमुख झाला, आणि दोनएक वर्षांतच कलकत्ता, आग्रा, मुंबई ही शहरे त्याने तारेने जोडली. त्याने घालून दिलेली तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यात बंद झाली. परंतु त्याचे दुसरे काम आजही प्रत्येक रुग्णालयात चालू आहे, आणि त्याचे नाव मात्र तेथे कोणाला ठाऊक नसते.

हिंदुस्थानात येण्यापूर्वी ओशॉनेसी एडिंबरो येथून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडलेला बावीस वर्षांचा तरुण होता. १८३१ साली पटकीची साथ इंग्लंडच्या संडरलंड बंदरात पोचली. त्या काळी पटकीच्या रोग्यावर काय उपाय होत? आधीच सुकून गेलेल्या त्या माणसाच्या शिरेतून आणखी रक्त काढीत. ओशॉनेसीने निराळा मार्ग धरला. त्याने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. त्याला असे आढळले की, रक्तातील पाण्याचा मोठा अंश नाहीसा झाला आहे, त्याबरोबर क्षारही गेले आहेत, आणि रक्ताचा अल्कधर्म क्षीण झाला आहे. जे क्षार रक्तातून हरवले होते, तेच रोग्याच्या जुलाबात भरपूर सापडत होते. म्हणजे हा शुद्ध हिशेबाचा प्रश्न होता: एका खात्यातून जे गेले ते दुसऱ्या खात्यात जमा दिसत होते. त्यावरून निष्कर्षही सरळ होता. जे गेले आहे, ते परत द्यावे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले, आणि १८३२ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधील लीथ गावच्या टॉमस लॅटा या डॉक्टरने पटकीच्या रोग्यांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. तिची नाडी लागत नव्हती. पाणी जाऊ लागले तशी ती सावध झाली, तिच्या अंगात ऊब आली. परंतु जुलाब थांबले नव्हते. पुढे पाणी देणे चालू राहिले नाही, आणि काही तासांत ती दगावली.

येथेच या विषयाचा पहिला धडा आहे. गेलेले एकदा भरून दिले म्हणजे काम संपत नाही. जात आहे तोवर भरीत राहावे लागते. लॅटाचे काही रोगी वाचले, पण उपाय मागे पडला. जंतूंचे ज्ञान त्या काळी नव्हते, त्यामुळे पाणी व उपकरणे निर्जंतुक नसत. आणि हा उपाय बहुधा आशा सोडलेल्या रोग्यांवरच केला जाई. लॅटा पुढच्याच वर्षी वारला. ओशॉनेसी कलकत्त्यास आला आणि तारेच्या कामात गुंतला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी रोग्याच्या रक्ताची घनता मोजून, त्या मापाने खारे पाणी देण्याची पद्धत घातली, आणि पटकीने मरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणले. मधली सत्तर वर्षे हे ज्ञान छापील पानांत पडून होते.

आता हे क्षार शरीरात करतात काय, ते पाहू. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे दोन प्रकारचे विद्युत्‌भारित कण होतात, व असे पाणी वीज वाहून नेते. म्हणून अशा क्षारांना वैद्यकात इलेक्ट्रोलाइट म्हणतात. आपल्या शरीरातील पाण्यात सोडियम हा मुख्यतः पेशींच्या बाहेर असतो आणि पोटॅशियम आत. पेशीच्या भिंतीवर जणू अखंड पहारा असतो: सोडियम बाहेर काढायचा, पोटॅशियम आत घ्यायचा. मज्जातंतूतून संदेश जातो किंवा हृदयाचा ठोका पडतो, तेव्हा हे पहारे क्षणभर उघडतात, सोडियम आत शिरतो, पोटॅशियम बाहेर पडतो, आणि त्या उलाढालीतून विजेची लहर पुढे सरकते. ओशॉनेसीने रक्तातले क्षार मोजले आणि देशभर विजेच्या तारा घातल्या. ही दोन कामे आतून एकच आहेत, हे त्याच्या काळी कोणालाच कळण्यासारखे नव्हते.

प्रयोगशाळेच्या अहवालावर सोडियमचा आकडा दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असावा लागतो. या आकड्याचा खरा अर्थ मीठ किती आहे एवढाच नसून, मिठाच्या मानाने पाणी किती आहे, असा आहे. दिल्लीच्या उन्हाळ्यात रस्त्यावर राबणाऱ्या माणसाच्या घामातून पाणी व मीठ दोन्ही जातात. त्याने नुसते पाणीच पोटभर प्यायले तर रक्तातले सोडियम पातळ होते. पाणीही मिळाले नाही तर ते दाट होते. सोडियम पातळ झाले की पाणी पेशींत शिरते आणि मेंदू सुजतो. मग डोके दुखते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, झटके येतात, शुद्ध हरपते. म्हातारपणी रक्तदाबासाठी लघवीचे औषध घेणाऱ्या माणसाला अचानक भ्रम होतो, तेव्हा घरच्यांना वाटते, वयामुळे बुद्धी चळली. पुष्कळदा कारण सोडियमचे असते. २०२४ च्या मे महिन्यात दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने उष्माघातासाठी स्वतंत्र कक्ष उघडला. तेथे आलेल्या रोग्याला आधी बर्फाच्या पाण्याने थंड करावे लागते, आणि त्याबरोबरच त्याचे क्षार तपासावे लागतात. कारण कोणाचे सोडियम चढले आहे आणि कोणाचे उतरले आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही.

मग उतरलेले सोडियम ताबडतोब भरून काढावे, असे कोणालाही वाटेल. येथे दुसरा धडा आहे. सोडियम दोनतीन दिवसांत किंवा त्याहून हळूहळू उतरले असेल, तर मेंदूच्या पेशी आपल्यातील काही द्रव्ये बाहेर टाकून त्या परिस्थितीशी जुळते घेतात. अशा वेळी एका दिवसात सारी तूट भरली तर त्याच पेशींतून पाणी झपाट्याने ओढले जाते, मज्जातंतूंवरील आवरण नष्ट होते, आणि शुद्धीवर आलेला रोगी काही दिवसांनी बोलेनासा, गिळेनासा होतो; त्याचे हातपाय लुळे पडतात. म्हणून चोवीस तासांत ही वाढ आठ ते दहा मिलिमोलांच्या आत ठेवण्याची दक्षता घेतात. झटके येत असतील तर पहिल्या काही तासांत थोडे जलद द्यावे लागते, पण दिवसाची मर्यादा तेव्हाही नजरेआड करता येत नाही. नातेवाईक म्हणतात, 'काल जे होते त्यात आज एवढासाच फरक?' तो एवढासा फरक हीच डॉक्टरांची दक्षता असते.

पोटॅशियमचे प्रकरण याहून नाजूक आहे. शरीरातील शंभर भाग पोटॅशियमपैकी अठ्ठ्याण्णव भाग पेशींच्या आत असते. बाहेर जे उरते ते प्रौढ माणसात सारे मिळून दोन-अडीच ग्रॅम. आणि हृदयाचा ताल या चिमूटभर द्रव्यावर अवलंबून असतो. रक्तातील त्याचे माप दर लिटरला साडेतीन ते पाच मिलिमोल. खाली गेले तर स्नायू गळतात, आतडी थंडावतात, ठोके चुकतात. वर गेले तर हृदय मंद होत होत अकस्मात थांबते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसात, किंवा अपघातात स्नायू चिरडलेल्या माणसात ते झपाट्याने चढते. अशा वेळी डॉक्टर तीन पायऱ्यांनी जातात. शिरेतून कॅल्शियम देऊन आधी हृदयाला संरक्षण देतात. मग साखरेबरोबर इन्शुलिन देऊन पोटॅशियम पेशींत ढकलतात. आणि शेवटी औषधांनी किंवा डायलिसिसने ते शरीराबाहेर काढतात. पहिल्या दोन पायऱ्यांनी केवळ वेळ मिळतो. हिशेब मिटतो तो तिसरीने. आणि ज्याचे पोटॅशियम उतरले आहे त्यालाही ते भरपूर पाण्यात मिसळून, सावकाशच द्यावे लागते. ते एकदम शिरेत गेले तर हृदय बंद पडते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची रीत आहे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाच्या रोग्याला ही मायेची भेट घातक ठरू शकते. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठही अशा रोग्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते.

आता आम्लतेकडे वळू. अन्न जळते आणि त्यातून आम्ल तयार होते, हे शरीराचे अखंड चाललेले काम आहे. रक्ताची आम्लता ज्या अंकाने दाखवितात त्याला सामू किंवा पीएच म्हणतात. तो ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर माणूस सहसा जगत नाही. फरक दिसायला लहान असतो, परंतु ७.४ चा अंक ७.१ वर आला की आम्लाचे कण दुप्पट झालेले असतात. हा समतोल तिघे मिळून राखतात. रक्तातील बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातलेच अल्क, आम्ल जागच्या जागी शोषून घेते. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने आम्ल मिनिटामिनिटाला बाहेर टाकतात. आणि मूत्रपिंडे उरलेले आम्ल तासातासाने, दिवसादिवसाने लघवीवाटे काढतात व खर्ची पडलेले अल्क पुन्हा तयार करतात. एकाचे काम अडले तर दुसरा ते आपल्याकडे घेतो. मधुमेह बेफाम वाढला म्हणजे रक्तात आम्ले साठतात. तेव्हा रोगी खोल, जोरजोराने श्वास घेऊ लागतो, त्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो. पाहणाऱ्याला वाटते, दमा लागला आहे. वस्तुतः फुप्फुसे आम्ल बाहेर टाकण्याची शर्थ करीत असतात.

एकाच आकड्याचा अर्थ किती उलटा लागू शकतो, याचे उदाहरण १९५२ साली डेन्मार्कच्या राजधानीत घडले. कोपनहेगनमध्ये त्या उन्हाळ्यात पोलिओची भयंकर साथ आली. ज्या रोग्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत, ते यंत्राच्या पेटीत ठेवूनही मरत; पहिल्या एकतीस रोग्यांपैकी सत्तावीस गेले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे. त्यावरून डॉक्टर समजत की रक्तात अल्क जास्त झाले आहे. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने तो अर्थ नाकारला. त्याचे म्हणणे असे की, श्वास अपुरा असल्यामुळे आम्लवायू कोंडला आहे, आणि बायकार्बोनेट वाढले आहे ते त्याच्या पाठोपाठ. रक्त खरोखर आम्लमय झाले आहे. २७ ऑगस्ट रोजी त्याने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवीने हाताने श्वास दिला, आणि मरणोन्मुख मुलगी वाचली. त्यानंतर वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास उतरले. इब्सेनने पुढच्या वर्षी अत्यवस्थ रोग्यांसाठी वेगळा विभाग काढला. आजच्या अतिदक्षता विभागांचा उगम तेथे आहे. रक्तातील वायू व सामू वारंवार मोजण्याची आजची पद्धतही त्याच साथीतून पुढे आली.

अतिदक्षता विभागात आज रोग्याच्या धमनीतील रक्त दिवसातून अनेकदा का काढतात, याचा उलगडा यावरून व्हावा. ज्या रोग्याला रक्तदाबाचा आधार द्यावा लागतो, त्याच्या ऊतींना प्राणवायू कमी पडून आम्ल साठते; आम्ल साठले की पोटॅशियम चढू शकते; मधुमेहाच्या रोग्यात तर शरीरातील एकंदर पोटॅशियम रिते झालेले असूनही अहवालात आकडा चांगला दिसतो, आणि इन्शुलिन सुरू होताच तो झरझर खाली येतो. नुसते सलाईनही फार दिले तर त्यातील क्लोराइडमुळे आम्लता वाढते. रक्तात क्लोराइड शंभराच्या आसपास, तर सलाईनमध्ये एकशे चोपन्न मिलिमोल असते. एक आकडा सुधारायला जावे आणि दुसरा बिघडावा, असे येथे पदोपदी घडते. म्हणून कोणताही आकडा एकटा वाचायचा नसतो. तो कालच्या आकड्याशी, शेजारच्या आकड्याशी आणि समोरच्या माणसाशी ताडून पाहावा लागतो.

हे सारे मोठ्या रुग्णालयातले झाले. परंतु या शास्त्राचा सर्वांत मोठा उपकार रुग्णालयाबाहेर झाला, आणि तो आपल्या देशात झाला. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये, पटकीच्या सौम्य रोग्यांना तोंडावाटे साखर-मिठाचे पाणी देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून रक्तात शिरतात, व पाणी त्यांच्यामागून जाते. पटकीतही ही वाट बंद होत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामातील लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगाव येथील छावणीत पटकी भडकली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एका लिटर पाण्याला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून, ते नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजविले. शंभरात तीसच्या घरात असलेले मृत्यू चारांच्या आत आले. त्या अडीच ग्रॅम सोड्यात ओशॉनेसीच्या शोधाचे उत्तर होते: जुलाबातून जे अल्क गेले, तेच परत दिले गेले. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. त्यांना पुढील वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

हे ज्ञान हाताशी असूनही राजधानीत माणसे पटकीने मेली आहेत. १९८८ च्या जुलैत यमुनापारच्या वसाहतींत पटकी आणि अतिसाराची साथ पसरली. तेथील गोरगरीब उथळ हातपंपांचे दूषित पाणी पीत होते. अशा वेळी रोग्याच्या घरापासून रुग्णालयाच्या खाटेपर्यंतचे तास महत्त्वाचे असतात, आणि ते तास घरातल्या पेल्यानेच निभावून न्यावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरविलेल्या सूत्राप्रमाणे त्या पुडीत, एका लिटर पाण्यासाठी, साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. सोड्याची जागा आता टिकाऊ सायट्रेटने घेतली आहे. पुडी अर्ध्या लिटरात कालवू नये, दोन लिटरांतही कालवू नये. बाजारात गोड पेयेही याच नावाखाली विकली जात होती. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी. जास्त साखरेने आतड्यात उलट पाणी ओढले जाते व जुलाब वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबरात भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस ही अक्षरे छापण्यास मनाई केली, ती याच कारणासाठी. पुडी मिळाली नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण धरावे. रोगी गुंगीत असेल, त्याला गिळता येत नसेल, सारखी उलटी होत असेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर मात्र घरी थांबू नये.

आणि रुग्णालयात गेल्यावर आपण निरुपयोगी होतो, असेही समजू नये. रोगी कोणती औषधे घेत होता, किती वेळा जुलाब झाले, काय व किती प्यायला, शेवटची लघवी केव्हा झाली, हे कागदावर वेळेसह लिहून नेले, तर डॉक्टरांच्या हिशेबातील एक कोरी बाजू भरून निघते. रक्ताचा अहवाल यंत्र देईल. परंतु घरी घडलेल्या या नोंदी रोग्याजवळ असलेल्या माणसाखेरीज दुसरे कोणीच देऊ शकत नाही.